दाराआडचा नाग

आमच्या घरात साप या शब्दाला बंदी होती. शिव्यांना नव्हती. मी चिडले की भांड्यांसोबत दोन-चार शिव्याही आदळायच्या आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. पण तो एक शब्द कोणी चुकून उच्चारला, की हातातलं काम खाली ठेवून त्या उठायच्या आणि मागच्या अंगणात निघून जायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. त्यांच्यासमोर 'लांबडं' म्हणायचं, 'जनावर' म्हणायचं, अगदीच नड पडली तर हाताने वळवळ करून दाखवायची. कोणाला चावला तर 'पान लागलं' म्हणायचं. आता पान लागलं असं तर सारं वऱ्हाडच म्हणतं, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे.

माझा मुलगा अक्षरं शिकायला लागला तेव्हा आत्याबाईंनी, स्वतः कधी शाळेचं तोंड पाहिलेलं नसताना, त्याच्या अंकलिपीत सुधारणा केली. 'न'च्या पुढे नाग होता. त्याच्यावर त्यांनी भाताच्या शितांनी कोरा कागद चिकटवला आणि मला त्यावर नळ काढायला लावला. माझ्या नवऱ्याच्या लहानपणी तर सापशिडीच्या पटाचीही तीच गत केलेली. सगळ्या सापांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या. आमच्या ह्यांना कितीतरी वर्षं वाटायचं की खेळ असाच असतो, नुसतं वर चढत जायचं. पुढे मित्राकडे पहिल्यांदा खेळायला बसले, शेवटच्या ओळीतून थेट खाली घसरले आणि भोकाड पसरून घरी आले म्हणे. मी म्हणते, माणसाचा स्वभाव त्यातच घडला. आजही कचेरीत कोणी पाय ओढला तर ह्यांना संध्याकाळपर्यंत कळत नाही काय झालं ते.

दोर, फवारणीचा पाइप, काहीही घरात गोल गुंडाळून ठेवायचं नाही. लांब पसरून खुंटीला अडकवायचं. चकली मात्र चालायची. चकलीचं वेटोळं कसं काय चालतं, असं मी नवी नवरी असताना विचारलं, तर म्हणाल्या, "तिले मी खाते वं. ती मले नाई खात."

आणि कापूस. शेतात वेचणीला आत्याबाई सगळ्यांच्या पुढे असायच्या, ओटी भरून भराभर आपलं तास, म्हणजे ओळ, संपवायच्या. पण तोच कापूस घरात आला, ढीग झाला, की त्यात हात घालण्याआधी काठीने बडवायच्या. उशी भरायला पिशवीत आणलेला एवढासा कापूस असला तरी आधी त्या पिशवीवर लाटण्याचे दणके. लहानपणी धाकट्या भावाला पान लागलं आणि तो गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याहून जास्त घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

आमचं गाव मोताळ्याजवळ. आमचं घर बौद्धांच्या वस्तीतलं शेवटचं, आणि आमच्या समोरचं घर उरलेल्या गावातलं पहिलं. मध्ये बैलगाडी जाईल एवढी गल्ली. समोरच्या घरात मावशी राहतात. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. आत्याबाई आणि मावशी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या, आणि तेव्हापासून निंदणीच्या एकाच ओळीत बसून त्यांनी साऱ्या गावाची निंदा केली. रोज दुपारी आत्याबाई गल्ली ओलांडून मावशींकडे पाणी प्यायला जायच्या. घरातल्या माठात पाणी नव्हतं असं नाही. पण तिकडचं गोड लागायचं.

नागपंचमी आली की त्या बाजूच्या सगळ्या दारांच्या दोन्ही अंगांना नाग काढलेले दिसायचे. गेरूचा पट्टा सारवून त्यावर चुन्याच्या बोटाने ओढलेले, नाहीतर बाजारात मिळतो तो छापील कागद चिकटवलेला. फक्त आमच्या समोरचं दार कोरं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मला वाटलं, मावशींकडे काही सुतक-बितक असेल. लाह्या घेऊन त्या आल्या तेव्हा मी त्यांच्यासोबत रिकामी परात पोचवायला गेले, आत जाऊन दार लोटलं आणि मागे वळून पाहते तो काय! दार उघडं टाकलं की जी भिंत झाकली जाते, नेमकी तिच्यावर ऐसपैस नागाचं जोडपं. वर कापसाचं वस्त्र वाहिलेलं. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"तिले सांगजो नोको," त्या म्हणाल्या. "तिच्या समोर समोर माहं दार येते. सकायी उठून तिनं तेच पाहावं का? मी आतच काढत असते. देवाले काय, त्याले आत बी दिसते."

त्यांच्या सासूने आडकाठी केली होती, घरचे बोलले होते, पण मावशींनी दार कोरंच ठेवलं. मला त्या दिवशी मावशींचा इतका लळा लागला की काय सांगू. आणि पंचमीच्या त्या एका दिवशी आत्याबाई पाणी प्यायला तिकडे जायच्या नाहीत. मावशी समजून घ्यायच्या, की यांच्यात हा सण नाही, म्हणून येत नसेल.

आता माझं ऐका. मी पडले शाळेत चित्रकलेची बाई, आणि साप हा तर चित्रकलेचा बापच आहे. पोरांच्या हातात खडू दिला की पहिली रेघ ती वळवळतीच येते. नदी, वेल, रस्ता, साप, सगळं त्या एका रेघेतून निघतं. वर्गात मी पोरांना सांगायची, बघा रे, जगात जिथे जिथे माणूस राहिला तिथे तिथे त्याने हा प्राणी काढलाय. इजिप्तचे राजे कपाळावर फणा लावून बसायचे. मेक्सिकोत त्याला पिसं लावली, चीनमध्ये पाय लावून ढगात सोडला. ऑस्ट्रेलियातले जुने लोक म्हणतात, इंद्रधनुष्यासारख्या एका नागाच्या सरपटण्यातून नद्या झाल्या. उत्तरेकडच्या थंड मुलखात तो सगळ्या समुद्राला वेढा घालून आपलीच शेपटी तोंडात धरून आहे. आपल्याकडे पृथ्वी त्याच्या डोक्यावर. ग्रीकांनी तर वैद्याच्या काठीला गुंडाळला, तो अजून मोताळ्यातल्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर लटकतोय. पोरं विचारायची, मॅडम, विषारी ना तो, मग औषधाच्या दुकानावर काऊन? मी म्हणायची, कात टाकतो ना, जुना होतो आणि पुन्हा नवा होतो. माणसाला तेवढं एकच जमत नाही, म्हणून हेवा वाटतो.

शाळेची सहल अजिंठ्याला गेली की एका लेण्याबाहेर दगडात कोरलेला नागराजा आहे, त्याच्यासमोरून मला पोरं ओढून न्यायची. सात फण्यांखाली ऐटीत बसलेला, शेजारी बायको. दोघांच्या चेहऱ्यावर कामं आटोपून ओट्यावर टेकलेल्या माणसांची निवांत कळा. हे सगळं शाळेत. घरी आले की तोंडाला कुलूप.

असं सगळं छान चाललेलं असताना विहाराचं नवं बांधकाम झालं आणि बुद्धाच्या मूर्तीमागे एक भलीमोठी पांढरी भिंत उभी राहिली. समितीच्या पोरांनी ठरवलं, त्या भिंतीवर मुचलिंद काढायचा. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ज्ञान झाल्यावर बुद्ध झाडाखाली ध्यानाला बसले, अवकाळी वादळ आलं, सात दिवस पाऊस कोसळला, आणि मुचलिंद नावाच्या नागराजाने त्यांच्याभोवती वेटोळी घालून डोक्यावर फणा धरला. काढणार कोण? मीच. एवढी मोठी भिंत मला जन्मात मिळाली नव्हती. माझ्या हाताला नुसती खाज सुटली.

घरी येऊन सांगताना माझी जीभ अडखळली, पण ऐकणारीला तेवढ्यात समजलं. आत्याबाई तुरी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"मंग मी आता घरूनच हात जोडत जाईन," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

 संध्याकाळचं विहार म्हणजे आत्याबाईंचा जीव होता. सासरे गेल्यापासून दिवसभर त्या त्या एका तासाची वाट पाहायच्या. डाव्या खांबाला टेकून पुढची जागा त्यांची, तिथे दुसरं कोणी बसत नसे. अक्षरओळख नाही, पण गाथा सगळ्या तोंडपाठ, आणि आवाज असा खणखणीत की त्यांनी सुरू केल्याशिवाय वंदना सुरू व्हायची नाही. आता त्यांच्या डोळ्यांसमोर, बरोब्बर नजरेच्या उंचीवर, सात फणे येणार होते. आणि ते मी काढणार होते!

मी तशीच तरातरा समितीच्या अध्यक्षांकडे गेले. ते निवृत्त गुरुजी, शांत माणूस. मी म्हटलं, मी नाही काढत. ते म्हणाले, हरकत नाही, पोरं फ्लेक्स छापून आणतो म्हणतात. पोरांनी मोबाइलवर तो फ्लेक्स दाखवला. आ वासलेला, सुळे काढलेला, डोळ्यांतून लाल दिवे पेटलेला तो नाग पाहून मीच मोबाइल पालथा घातला. त्यातला एक पोरगा मला समजावायला लागला, "काकू, आजीले सांगा नं, आपण नागवंशी आहो. आपले पूर्वज हायत ते."

हे मी घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्याचे असतीन. त्याच्या चेहऱ्यावरून दिसतेच."

हसू आलं, पण प्रश्न सुटेना. मी काढला नाही तर तो फ्लेक्स लागणार. मी काढला तर निदान तोंड मिटलेला तरी काढीन. दोन्हीकडून खांबाजवळची जागा रिकामीच. मी चिडचिड करायला लागले, भांडी आदळायला लागले. शेवटी आत्याबाईच वैतागल्या. "काढ बाप्पा एकदाचा. कढयाले पोचे पाडून ठेवले साऱ्या."

उन्हाळ्याच्या सुटीत काम सुरू झालं. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. पहिल्याच दुपारी डब्याच्या वेळेला विहाराच्या दारात चपलांचा आवाज आला. आत्याबाई. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर आडवा धरलेला पदर. तशाच चाचपडत आत आल्या, भिंतीकडे पाठ केली आणि माझ्या टेबलाच्या पायाशी मांडी घालून बसल्या.

"जेव. मी इकडे तोंड करून बसते."

मग रोज तेच. मी वर रंगवतेय आणि खाली त्या पाठमोऱ्या, दाराकडे तोंड करून, तांदूळ निवडत नाहीतर गोधडीला टाके घालत. अधूनमधून विचारायच्या, "कुठलोक आला?" मी म्हणायची, कमरेपर्यंत आला. "जाड हाय का बारीक?" जाड आहे. "जाडच पाह्यजे, सात दिवस बसाचं म्हणजे." ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याची अशी चौकशी! मी वरून बघायची तर त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यावर माझ्या रंगाचे शिंतोडे पडलेले. पुसायला गेले की म्हणायच्या, राहू दे, म्हातारपणी तेवढीच रंगपंचमी.

फणे काढायला घेतले त्या दुपारी त्यांनी विचारलं, "त्याचं आंग थंडं असते. बुद्धाले थंडी नसंन वाजली?"

"वाजली असेल," मी म्हटलं.

त्यांनी गोधडीला दोन टाके घातले. मग, दाराकडे तोंड असताना, हातातली सुई न थांबवता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्या तेव्हा परकर नेसायच्या. भाऊ त्यांच्याहून लहान, बोबडा, सदा परकराला धरून चालणारा. दिवाळी होऊन गेलेली, पुढच्या खोलीत नवा कापूस कमरेइतका पसरलेला. मोठी माणसं शेतात. कापसात खेळायचं नाही, कचरा मिसळतो, अशी सक्त ताकीद. पण कापसाचा एवढा मोठा ढीग आणि समोर उंबऱ्याची पायरी, कोणतं लेकरू थांबेल? दोघांनी उड्या मारायला सुरुवात केली. एका उडीनंतर भाऊ म्हणाला, बाई, मले टोचलं. कापसात वाळल्या बोंडांची टोकं राहतात, ती वेचणाऱ्यांच्या बोटांना रोजच टोचतात. आत्याबाईंनी त्याचा पाय पाहिला, बारीक रक्त होतं, थुंकी लावली.

"मी त्याले म्हटलं, बोंड टोचलं बे तुले. रडू नोको. माय येईन तं दोघाले मार बसंन. तो चूप बसला माह्या म्हन्यावरून." सुई थांबली. "लय गुणाचा व्हता. मी म्हटलं चूप, तं चूपच बसला. माय येईलोक चूपच."

मी स्टुलावरून कशी उतरले, मला आठवत नाही. हाताला रंग, तसाच त्यांच्या पाठीवर ठेवला. त्या रडत नव्हत्या. मीच हमसाहमशी रडत होते आणि त्या मला म्हणत होत्या, "चूप वं, चूप."

आणि मग त्यांनी जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. "याले इतकी समज व्हती, बुद्धाले पावसात झाकाची, तं माह्या भावाले काऊन नाई सोडलं त्यानं?"

 इजिप्त नाही, ग्रीस नाही, जगातला एक नाग माझ्या कामाला आला नाही. मी म्हटलं, मला नाही माहीत आत्याबाई. त्या म्हणाल्या, मले तरी कुठं माहीत हाय. आणि डबा उचलून घरी गेल्या.

तीन-चार दुपारी त्या आल्या नाहीत. मी रंगवत राहिले, पण हात चालेना. उजवीकडचा शेवटचा फणा काढताना स्टूल डगमगलं आणि तो जरा कलला. दुरुस्त करायला गेले तर आणखी बिघडेल, म्हणून तसाच ठेवला. समितीतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही मुद्दाम कशाला सांगू?

मग एके दिवशी त्या आल्या. पुन्हा पदर आडवा, पुन्हा पाठ करून बसल्या. बसल्या-बसल्याच म्हणाल्या, जशा काही मधल्या दुपारी गेल्याच नव्हत्या, "मी इचार करून राह्यली व्हती. बुद्ध हालले नाई ना?"

"नाही. ध्यानातच होते."

"म्हणून तो भेला नाई. आम्ही तं त्याच्या आंगावर उड्या मारल्या. कापसात ऊब धरून निजला असंन बिचारा, अन् वरून दोन लेकरं धबाधबा. तो भेला." मग जरा थांबून, हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी बी भेली. मायच्या मारले भेली, म्हणून त्याले चूप म्हटलं. भेल्यावर कोणाले समज राह्यते, पोरी?"

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा त्याला बिचारा म्हटलं.  मी डोळे पुसले आणि मुचलिंदाचं तोंड घट्ट मिटलेलं रंगवलं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन पवित्र महिने, सुरू झाला आणि चित्रावरचा पडदा काढला. सगळ्यांनी वाहवा केली, फ्लेक्सवाल्या पोरानेही. आत्याबाई आल्या, पण आत नाही. बाहेरच्या पायरीवर बसल्या. अध्यक्षांनी बोलावलं, मी बोलावलं, ह्यांनी हात धरला. "इथून ऐकू जाते," म्हणाल्या. आणि खरंच, वंदना त्यांनीच सुरू केली. आम्ही सगळे चित्राकडे तोंड करून बसलेलो आणि आवाज मागून, चपलांच्या ढिगातून येतोय.  डाव्या खांबाजवळची जागा तशीच. एका नव्या सुनेने नकळत तिथे बस्तान मांडलं, तर बायकांनी तिला डोळ्यांनीच उठवलं.

पुढचे कितीतरी दिवस पायरीच. मग एका संध्याकाळी पायरीवर त्या दिसल्या नाहीत, आणि मी घाबरून मान वळवणार एवढ्यात खांबाजवळून गाथा सुरू झाली. मी पाहिलं. बसल्या होत्या, पाठ ताठ, हात जोडलेले, आणि डोळे असे करकचून मिटलेले की कपाळाची घडी झाली होती. वंदना संपली तरी उघडले नाहीत. ह्यांचा हात धरून तशाच बाहेर आल्या. सापाला पापण्या नसतात, हे मी पोरांना नेहमी शिकवते. बुद्धाचे डोळे मिटलेले, आत्याबाईंचे मिटलेले. त्या अख्ख्या कोपऱ्यात जागा एकटा मुचलिंदच होता.

श्रावण लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओट्यावर भाजी निवडत होते. आत्याबाई नेहमीसारख्या मावशींकडे पाणी पिऊन निघाल्या. मावशी दारात गेरू कालवत बसलेल्या. आत्याबाईंना पाहून त्यांनी डबडं पदराआड केलं. गल्लीच्या मध्यावर आत्याबाई थांबल्या आणि माघारी वळल्या.

"यंदा दारावर काढ वं," त्या म्हणाल्या.

मावशींनी डबडं पदराआड आणखी आत सरकवलं.

"किती वर्स त्याले दाराआड कोंडून ठेवशीन? जीव घाबरत असंन त्याचा."

"तुले कोनं सांगतलं?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली मेथी वर करून शपथ घेतली.

"सांगाले कोन पाह्यजे? साऱ्या गल्लीचे दारं भरेल अन् तुह्यं एकटं कोरं. मी आंधळी हाय का? अन् पंचमीच्या दिवशी तुह्या घरी पाणी प्याले मी काऊन येत नव्हती मंग?"

"मले वाटे तुमच्यात सण नाई म्हणून..."

"तुह्या घरच्या पाण्याले कायचा सण वं?"

मावशी गेरूच्या हातानेच डोळे पुसायला लागल्या. गाल लाल, नाक लाल. आत्याबाई म्हणाल्या, तोंडावर काढू नोको, दारावर काढ. आणि दोघी हसायला लागल्या. मेथी बाजूला ठेवून मीही रडत-हसत बसले.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या दाराच्या दोन्ही अंगांना नाग आले. इतकी वर्षं आडोशाला काढायची सवय, त्यामुळे उजेडात जरा अंग चोरल्यासारखे दिसत होते. आत्याबाई आमच्या दारातून पाहत उभ्या होत्या. पदर डोळ्यांवर नव्हता, खांद्यावर होता. मग गल्ली ओलांडून गेल्या, पाणी मागितलं, आणि तिथेच उंबऱ्याशी बसल्या. मी लाह्यांची परात घ्यायला मागोमाग गेले. मावशी कापसाचं वस्त्र करत होत्या, पण धागा जमत नव्हता, कापूस तुटत होता.

"दे इकडे," आत्याबाई म्हणाल्या. "वाहाचं तुह्यं तू वाहा, ते मी नाई करत. मी नुसतं वळून देते."

कापसाची पिशवी कोपऱ्यात होती, तोंडापर्यंत भरलेली. मी सवयीने लाटणं शोधायला वळले. तोवर आत्याबाईंनी हात आत घातला होता. कोपरापर्यंत. लाटणं नाही, काठी नाही, दणका नाही. क्षणभर हात तिथेच राहू दिला, मग मूठभर कापूस काढून मांडीवर घेतला आणि सरकी वेचायला लागल्या.

मी पाहतच राहिले. "काऊन टकमक पाहून राह्यली?" त्या म्हणाल्या. "लाह्या घे अन् जाय. चहा ठेव."

त्या संध्याकाळी विहारात खांबाजवळून वंदना नेहमीसारखी खणखणीत सुरू झाली. मी मान वळवून पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाहिलं नाही. संपल्यावर सगळ्या बायका उठल्या तरी आत्याबाई बसूनच होत्या. मी हात द्यायला गेले. त्यांनी माझा हात धरला, उठल्या, आणि भिंतीकडे हनुवटी करून हळूच म्हणाल्या, "तो उजव्या आंगाचा फणा जरासा वाकडा झाला वं तुह्या हातून."